लियेनच्या घाटासाठी गरम स्टिअरिंग

मला थंडी वाजत नाही. थंडी वाजते ती माझ्या बोटांना. या दोन निराळ्या गोष्टी आहेत हे मी आमच्या चर्चच्या समितीचा अध्यक्ष विदार याला इतक्यांदा सांगितलं, की शेवटी मलाच माझा आवाज नकोसा झाला. बाकीची मी ठणठणीत आहे. साठी ओलांडली तरी छपरावरचा बर्फ स्वतः ओढून काढते, स्कीवर तळ्याला वळसा घालून येते. पण गार वस्तू हातात धरली की माझी बोटं टोकापासून मेणबत्तीसारखी पांढरी पडतात आणि मग ती माझं ऐकत नाहीत. डॉक्टरीण म्हणते, "रक्तवाहिन्या आखडतात, ओड्नी. जिवाला काही धोका नाही." जिवाला नसेल बाई, पण मी ऑर्गन वाजवते!

माझ्याकडे दोन चर्च आहेत. एक इथलं, मोएनचं. दुसरं लियेनचं, घाट चढून पलीकडच्या खोऱ्यात. महिन्यातून एका रविवारी अकराला मोएनची उपासना असते आणि एक वाजता लियेनची. मधे घाट, आणि घाटात मी नि माझी गाडी. गाडी विजेची. मी घेतली तेव्हा अख्ख्या मोएनमध्ये तशी दुसरी नव्हती, लोक काचेला नाक लावून बघायचे. आता सगळ्यांकडे विजेच्या गाड्या आहेत आणि त्यांत माझी सगळ्यांत म्हातारी. बॅटरी निम्म्यावर आली आहे. आतला हीटर लावला तर ती लियेनला पोचते, पण परतताना घाटमाथ्यावर मान टाकते. हीटर बंद ठेवला तर जाऊन येऊन निभतं.

मग मी तेच केलं जे आमच्याकडे जुन्या विजेच्या गाडीवाले सगळेच करतात. हीटर बंद. अंगात लोकरीचे दोन थर, वर स्कीचा जाड सूट, कानांवर टोपी, आणि गाडीच्या आत बाहेरच्याइतकीच थंडी. कपडे चांगले असले की हवा कधी वाईट नसते, हे आम्हाला दुधाबरोबर पाजलेलं असतं. कपडे चांगलेच होते हो. पण स्टिअरिंग म्हणजे बर्फाची कढई! लोकरी हातमोजे घातले, त्यांच्यावर कातडी चढवले, बॅटरीवाले आणून पाहिले. त्या बॅटरीवाल्यांनी माझे तळहात शेकले आणि बोटं गारच ठेवली. लियेनला पोचायचं ते घंटा वाजत असताना, आणि घंटा थांबली की लगेच मी सुरू करायचं. बोटं जिवंत व्हायला अर्धा तास लागतो. तो आणायचा कुठून?

"लियेनला गाडी चार्जिंगला लाव की," असं प्रत्येक शहाणा सांगतो. लावली होती एकदा. बाकांखालचे हीटर, विजेच्या शेगडीवरची कॉफी आणि माझी गाडी, एवढं ओझं त्या म्हाताऱ्या फ्यूजला झेपलं नाही. पाळकबाई जगाच्या प्रकाशाविषयी बोलत होती नि फट्ट! सगळी मंडळी अंधारात. त्यानंतर लियेनचा घंटावाला अर्नफिन मला बाहेरच्या प्लगजवळ उभंसुद्धा राहू देत नाही.

जानेवारीत एका रविवारी लियेनला माझी चार बोटं पांढरीफटक होती. पहिल्याच गीताला मी असे सूर लावले की मंडळींनी माना वर करून ऑर्गनकडे पाहिलं. विदार पुढच्याच बाकावर होता. माणूस वाईट नाही. गोड बोलतो, सगळ्यांची काळजी करतो, आणि काळजीपोटी समोरच्याचं काम काढून घेतो. दोन आठवड्यांनी लियेनची मोलफ्रीद गेली तेव्हा त्याचा फोन आला.

"ओड्नी, अंत्यविधीला तू ये, पण नुसती बस. आपण एक स्पीकर आणलाय. सगळी गीतं त्यात आहेत. अगदी मोठ्या चर्चमधल्या ऑर्गनवर वाजवलेली."

मोलफ्रीद माझी मैत्रीण. तीस वर्षं ती माझ्या डाव्या हाताला उभी राहून खालच्या पट्टीत गायली. तिच्या पेटीपुढे मी तरी काय भांडणार? गेले आणि बसले.

विदारने बटण दाबलं. आवाज मोठा होता, चूक एक नव्हती. पण लियेनची मंडळी म्हातारी आहेत. ओळ संपली की अर्नफिन थांबतो, पोटभर श्वास घेतो आणि मगच पुढची ओळ उचलतो. त्याच्या मागे सगळे. मी तीस वर्षं त्या श्वासासाठी सूर धरून ठेवत आले आहे. डब्याला ते कुठून कळणार? दुसऱ्या कडव्यालाच डबा एक ओळ पुढे गेला. मंडळी धावली, धापा टाकू लागली. डबा शेवटचा सूर देऊन गप्प झाला तेव्हा हे लोक अजून मधल्याच ओळीत होते. मग एकेक आवाज लाजून गळत गेला. मोलफ्रीदचं गीत पुरं न होताच तिला उचलली.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. नंतर कॉफी चालली होती तिथेच मी विदारला गाठलं.

"तो डबा परत कधी नेणार?"

"अगं, आम्हाला तुझ्या तब्येतीची काळजी आहे."

"माझी तब्येत तुझ्यापेक्षा बरी आहे. जिना चढून दाखवू?"

"पण बोटं, ओड्नी. समितीचं म्हणणं आहे की हिवाळ्यात लियेनला स्पीकरच असावा. आणि मग हिवाळाच कशाला, कायमचाच बरा."

"म्हणजे मला काढताय."

"छे छे! मोएन आहेच की तुला."

मी कप ठेवला. "मेणबत्त्यांच्या रविवारी मी दोन्हीकडे वाजवणार. लियेनला एक जरी सूर चुकला तर तुझा डबा तिथे खुशाल खिळे ठोकून बसव. आणि नाही चुकला तर तो तू स्वतः उचलून घरी न्यायचा."

विदारने हसून हात पुढे केला. माझा हात हातात घेतल्यावर त्याचं हसू जरासं उतरलं. इतका गार होता तो.

मेणबत्त्यांचा रविवार, म्हणजे चर्चमध्ये सगळे मेणबत्त्या लावतात तो, फेब्रुवारीच्या सुरुवातीला येतो, हिवाळ्याच्या ऐन दातांत. शब्द तर देऊन बसले होते. आता उपाय हवा होता, आणि तो मला माहीत होता. माझ्याच गाडीचं एक महागडं भावंड त्या काळी निघत असे, त्याचं स्टिअरिंग आतून तापायचं. अख्ख्या गाडीची हवा तापवायला जी वीज लागते तिच्यापुढे हे काहीच नाही. मी शहरातल्या दुकानात गेले. काउंटरवरचा माणूस म्हणाला, "ते कारखान्यातूनच येतं. मागून बसवत नाहीत. नवी गाडी का बघत नाही?" मी म्हटलं, "बोटं गार पडतात म्हणून गाडी बदलायची, तर उद्या गुडघा दुखला म्हणून घर बदलायचं का?" तो कॉम्प्युटरकडे बघायला लागला.

आता राहिला एकच माणूस. माझा पूर्वीचा नवरा, आइलेव्ह.

आमचा संसार कशावरून मोडला असं कुणी विचारलं तर मी सांगते, गाडी कोण चालवणार यावरून. हसू नका. दुसरं तिसरं काही नव्हतं. तो चालवायला बसला की प्रत्येक वळणावर माझा पाय ब्रेक दाबायचा, जो माझ्या बाजूला नव्हताच. मी चालवायला बसले की तो दाराची मूठ अशी धरायचा जणू मी त्याला दरीतच नेतेय. घराचंही तेच. दोघांनाही पुढच्या वळणाची घाई आणि दोघांनाही दुसऱ्याचं वळण चुकीचं वाटायचं. शेवटी समजुतीने वेगळे झालो. तेव्हापासून दुकानात भेटलो तर बोलतो, एकमेकांना गाजरं निवडून देतो, पण एका गाडीत कधी बसलो नाही.

आइलेव्हने जन्मभर बसगाड्या दुरुस्त केल्या. आता जुने ट्रॅक्टर दुरुस्त करतो. बोलतो कमी. आमच्याकडे 'हो' म्हणताना काही लोक श्वास आत ओढतात, तसा त्याचा हो असतो, दचकल्यासारखा. मी फोनवर सगळं सांगितलं, मोलफ्रीदचं गीतसुद्धा. पलीकडून नुसता तो श्वास ऐकू आला. हो.

चार दिवसांनी त्याचा फोन. "मिळालं. मोडीत निघालेल्या गाडीचं. मागची गुंडाळीही घेतलीय."

"कसली गुंडाळी?"

"स्टिअरिंग फिरतं ना? मग वीज आत जाणार कशी? मागे एक चपटी पट्टी असते, घड्याळाच्या स्प्रिंगसारखी गुंडाळलेली. तुझ्या गाडीतल्या पट्टीत हॉर्न आणि एअरबॅगच्या तारा आहेत, तापवायच्या दोन नाहीत. नुसतं स्टिअरिंग आणलं असतं तर शोभेला झालं असतं. शुक्रवारी संध्याकाळी गाडी माझ्याकडे लाव. शनिवारी बसवू."

"बसवू म्हणजे?"

"तू आल्याशिवाय राहणार आहेस का?"

ओळखून होता मला.

शनिवारी सकाळी त्याच्या गॅरेजचं दार उघडलं आणि तोंडावर गरम हवेचा लोट आला. बाहेर उणे एकोणीस, आत ऐन उन्हाळा. कोपऱ्यातली लाकडांची शेगडी लाल झाली होती. आइलेव्ह शर्टाच्या बाह्या वर सारून उभा, कपाळावर घाम.

"अरे, पाव भाजतोयस का इथे?"

"तुझी बोटं," तो म्हणाला. "काल रात्रीपासून पेटवलीय. गाडीचं लोखंडसुद्धा गार लागायला नको."

मी सूट काढून खुंटीला लावला.

त्याने बॉनेट उघडून लहान बॅटरीची तार काढली आणि खाली बसला.

"आता?"

"आता कॉफी. एअरबॅगमध्ये वीज साठून असते. ती जिरेपर्यंत हात लावायचा नाही."

कॉफी घेतली. मी तपकिरी चीज घातलेले वॉफल नेले होते, ते त्याने दोन खाल्ले आणि म्हणाला, "कडा जरा कडक झाल्यात." मी म्हटलं, "ज्याला नको त्याने ठेवावं." त्याने तिसरा उचलला.

मग काम. स्टिअरिंगच्या मागच्या भोकांतून पेचकस घालून त्याने एअरबॅग सोडवली आणि झोपलेलं मूल उचलावं तशी उचलून उताणी टेबलावर ठेवली. मधला नट सैल केला, पण पुरता काढला नाही. "नट काढून ओढलं की स्टिअरिंग सुटतं आणि नाक फुटतं. बसच्या डेपोत मी दोन नाकं पाहिलीत." दांड्यावर खडूने खूण केली. दोन्ही बाजूंनी हलवून हलवून शेवटी ते जुनं स्टिअरिंग 'कट्' म्हणून सुटलं. नवं, म्हणजे दुसऱ्या कुणाचं जुनं, मी हातात धरलं. डावीकडे कातडं गुळगुळीत झालं होतं. कुणीतरी वर्षानुवर्षं एकाच हाताने गाडी चालवली असणार.

गुंडाळी बदलली, खूण जुळवली. गुडघ्याजवळच्या रिकाम्या झाकणाच्या जागी बटण बसवलं. त्याच्यासाठी आइलेव्ह डॅशबोर्डखाली उताणा झोपला, मी टॉर्च धरला.

"डावीकडे धर. माझी डावी."

"तुझी डावी म्हणजे माझी उजवी."

"म्हणूनच वेगळे झालो."

मी इतकी हसले की टॉर्च हलला आणि तो ओरडला. खरं सांगू? बरं वाटत होतं. असं एका कामावर दोघांनी वाकून किती वर्षं झाली होती.

सगळं जोडून झालं. बॅटरी लावली. एअरबॅगचा लाल दिवा लागला आणि विझला, जसा विझायला हवा तसा. हॉर्न वाजला. स्टिअरिंग सरळ. मी बटण दाबलं. छोटा पिवळा दिवा लागला.

"लागला!" मी ओरडले आणि दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरलं.

आम्ही थांबलो. आणखी थांबलो. स्टिअरिंग जसं होतं तसंच. त्याने हात ठेवला, मग गाल ठेवला. काही नाही. एअरबॅग पुन्हा काढली, अर्थात आधी पुन्हा कॉफी. मीटर लावला. वीज स्टिअरिंगपर्यंत येत होती, आत जात नव्हती.

आइलेव्ह मीटरकडे बघत म्हणाला, "आतली तार तुटलेली असणार. कातड्याखाली. तिथे हात पोचत नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे मोडीतलं स्टिअरिंग, मोडकं निघालं."

"आणि उद्या?"

त्याने मीटर बंद केला.

मग माझी जीभ सुटली. म्हटलं, घेताना तपासायला काय झालं होतं? म्हटलं, तुझं नेहमीचंच आहे, सगळं नीट लावायचं आणि ऐन वेळी काही चालत नाही. म्हटलं, अंगणात तीन ट्रॅक्टर उभे आहेत, एक तरी चालतो का? त्याने शेगडीत एक लाकूड अजून घातलं. त्याचा मला आणखीनच राग आला.

"आता कशाला पेटवतोस? निघाले मी."

"बोटं शेकून जा."

"मोएनमध्ये वाजवायला माझी बोटं पुरेशी आहेत," मी म्हटलं आणि निघाले. घरी जाईपर्यंत त्या बटणाला हातही लावला नाही. मेलेल्या माणसाला हाक कशाला मारायची?

रविवारी सकाळी उणे एकवीस. मोएनची उपासना छान झाली, तिथे मी चालत जाणार होते पण पुढे लगेच निघायचं म्हणून गाडी घेऊन गेले. शेवटचं गीत वाजवताना मी मनात लियेनचा हिशोब करत होते. वरच्या पट्टीतलं सोडून द्यायचं, अंगठे आणि करंगळ्या वापरायच्या, ऑर्गनच्या पायपट्ट्या दाबून पायांनी खालचे सूर भरायचे. पाय माझे गरम असतात. हरणार नव्हते मी इतक्यात.

बाहेर आले तर माझ्या गाडीत कुणीतरी बसलेलं. किल्ली आमच्याकडे गाडीतच असते, गावात कोण चोरणार? पण बसणार तरी कोण? जवळ गेले. आइलेव्ह! चर्चच्या आवारात हा माणूस आमच्या लग्नानंतर पहिल्यांदाच आला होता. बाजूच्या सीटवर बसला होता, टोपी भुवयांपर्यंत, मिशीवर बर्फ.

"बस," तो म्हणाला. "हातमोजे काढ."

"वेड लागलं का?"

"काढ ना, ओड्नी."

मी बसले, काढले. स्टिअरिंगला हात लावला आणि हात तसेच राहिले. गरम होतं. नुसतं कोमट नव्हे, ताज्या पावासारखं गरम. कातड्याच्या आतून ऊब वर येत होती आणि एकेका बोटात उतरत होती. अग्गंबाई!

"तार तुटली होती ना?"

"तार शाबूत आहे. शेगडी चुकली." तो समोर काचेकडे बघत बोलत होता. "आज उशिरा उठून न्हाणीघरात गेलो तर विजेवर तापणारी फरशी गार. म्हटलं, बिघडली. मग आठवलं, रात्री लाकडं जास्त घातली होती. घर तापलं की फरशीची वीज आपोआप बंद होते, आतला तापमापी बंद करतो. आणि तिथेच उभ्या उभ्या डोक्यात प्रकाश पडला. या स्टिअरिंगमध्येही तसाच असणार. गॅरेजमध्ये ते आधीच उबदार होतं. त्याला वाटलं, हिला माझी गरज नाही."

मी त्याच्याकडे पाहिलं. रात्रभर शेगडी पेटवून ठेवली ती माझ्या बोटांसाठी, आणि त्या शेगडीमुळेच शिव्या खाल्ल्या. वर घरी जाऊनही लाकडं घातलीच होती.

"फोन करायचास."

"तू उपासनेत. आणि तू विश्वास ठेवला नसतास."

तेही खरं. मी ब्रेकवर पाय ठेवला. "बरं, उतर आता. मला उशीर होतोय."

"उतरत नाही. स्टिअरिंग मी बसवलंय. घाटात काही सैल झालं तर मी तिथे असलो पाहिजे."

"हीटर लावणार नाही मी."

"माहितेय."

"गोठशील."

श्वास आत. हो.

घाट लागला. रस्ता पांढरा, कडेच्या काठ्या तेवढ्या वर आलेल्या, ऊन असं लख्ख की डोळे मिटावेत. माझे हात गरम, अगदी बोटांच्या टोकांपर्यंत गरम. स्कीच्या सुटातली मी राणीसारखी गाडी चालवत होते आणि स्टिअरिंगवर पाळीपाळीने बोटं नाचवून उद्याच्या नव्हे, आत्ताच्या गीताचा सराव करत होते. बाजूला आइलेव्ह. त्याच्याकडे ऊब नावाची गोष्ट नव्हती. आधीच चर्चबाहेर तासभर बसलेला. त्याचे दात वाजायला लागले ते मला ऐकू येत होते. पण एक मात्र झालं. अख्ख्या घाटात त्याने दाराची मूठ धरली नाही. हात काखेत कोंबून बसला होता, हे कारण असेल. तरी मी ते जमेस धरलं.

लियेनला घंटा वाजत होती. अर्नफिन दोर ओढता ओढता माझ्याकडे बघत होता, त्याने दोन घंटा जास्तच वाजवल्या असाव्यात. पुढच्या बाकावर विदार, त्याच्या पायांशी तो डबा, तारेसकट तयार. बाकांवर लोकरीच्या टोप्या, मांडीवर मेणबत्त्या. मी वर चढले, बसले, हात पट्ट्यांवर ठेवले. बोटं गुलाबी होती. माझीच होती.

पहिलं गीत मी मोलफ्रीदचंच लावलं, जे अर्धं राहिलं होतं. पाळकबाईने चमकून वर पाहिलं, पण थांबवलं नाही. पहिली ओळ संपली. अर्नफिनने श्वास घेतला, आणि मी सूर धरून ठेवला. त्याने पुरता श्वास घेतला, त्याच्या मागे सगळ्यांनी. मग पुढची ओळ. कुणालाही धावावं लागलं नाही. दुसरं कडवं, तिसरं. डाव्या बाजूला खालच्या पट्टीत कुणीच नव्हतं, ती जागा मी डाव्या हाताने भरली. शेवटच्या ओळीपर्यंत सगळे एकत्र पोचलो आणि एकत्र थांबलो. एकही सूर चुकला नाही. खालून अर्नफिनने खिशातला रुमाल काढून जोरात नाक शिंकरलं. माझेही डोळे भरून आले, पण ऑर्गनवाली पाठमोरी असते, हा फायदा.

कॉफीच्या वेळी विदार हात पुढे करत आला. "ओड्नी, मानलं तुला." माझा हात धरला आणि चकित झाला. "गरम आहे की!"

"तुझी काळजी गेली ना आता? मग डबा उचल."

त्याने उचलण्याआधी अर्नफिननेच तो उचलला होता. दारापर्यंत नेला, विदारच्या हातात दिला आणि म्हणाला, "नीट ने बाबा. चांगलं यंत्र आहे. आमच्यासाठी जरा फार घाईचं." मंडळी हसली, विदारही हसला. माणूस वाईट नाही, म्हटलं ना.

आइलेव्ह कुठे दिसेना. बघते तर शेवटच्या बाकावर, खालच्या हीटरला पाय टेकवून, दोन्ही हातांत कप धरून बसलेला. त्या हातांतही कप थरथरत होता. ओठ अजून निळसर. त्याच्या समोर कुणीतरी वॉफल ठेवला होता, तो उचलायलाही त्याची बोटं वळत नव्हती. पांढरी पडली होती, टोकापासून. त्याला हा रोग नाही. नुसती थंडी होती ती, माझ्या गाडीतली.

"कसं वाजलं?" मी विचारलं.

"कडा कडक नव्हत्या," तो म्हणाला.

बाहेर आलो. ऊन उतरत होतं, थंडी वाढत होती, आणि आता परत तोच घाट. तो मुकाट्याने बाजूच्या दाराकडे निघाला. मी त्याच्या कोटाची बाही धरली.

"तिकडे कुठे? इकडून बस."

"कुठे?"

"स्टिअरिंगवर. चालव."

तो बघतच राहिला. "मी? तुझी गाडी?"

"माझ्या हातांचं आजचं काम झालं. तुझ्या हातांना शेक हवा. बस, आणि हातमोजे काढ."

तो बसला. सीट मागे घेतली, आरसा हलवला. माझा आरसा! मी दात दाबून धरले. त्याने बटण दाबलं, पिवळा दिवा लागला आणि थोड्या वेळाने त्याचे खांदे जरा खाली आले.  मी हात काखेत कोंबले. थंडी मला वाजत नाही, बोटांना वाजते, आणि आता वाजली तर वाजू दे.

घाटातल्या पहिल्या वळणाला तो नेहमीसारखाच जास्त वेगात शिरला. माझा उजवा पाय आपोआप उचलला गेला, जिथे ब्रेक नाही तिथे तो दाबायला. त्याच्या लक्षात आलंच.

"दाब," तो म्हणाला. "मी थांबतो."

आणि त्याने वेग कमी केला. मी पाय हळूच मागे घेतला.